अमेरिकेतली यादवी: कारण कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं?

दफ्तरदार

दुसऱ्या एका धाग्यावर अमेरिकन यादवीचा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे "गुलामगिरी हे निमित्त, खरा झगडा राज्यांच्या हक्कांचा" इथे येऊन अडकला. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

माझं म्हणणं थोडक्यात असं: कोण काय म्हणालं याच्या आधी ते कधी म्हणालं हे बघावं. ९ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली. तिथे एक रेघ ओढा. रेघेच्या अलीकडे दक्षिणेचे पुढारी अमेरिकेच्या संघातून राज्यं फुटण्याचं कारण म्हणून काय सांगत होते आणि पलीकडे गेल्यावर तीच माणसं काय सांगू लागली, हे शेजारी-शेजारी ठेवून वाचा.

अलीकडचे कागद आधी घेऊ. साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० ला फुटलं, ठराव १६९ विरुद्ध ०. चार दिवसांनी त्यांनी कारणांचा जाहीरनामा काढला. त्यातली मुख्य तक्रार अशी की, उत्तरेची राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत. न्यूयॉर्कवर वेगळा ठपका आहे: तिथली न्यायालयं मालकाला गुलाम घेऊन राज्यातून नुसतं जाऊही देत नाहीत. काही राज्यांनी काळ्या माणसांना नागरिकत्व दिलं, यावरही राग आहे. म्हणजे उत्तरेची राज्यं आपापले कायदे वापरतात हेच साउथ कॅरोलायनाचं दुखणं. राज्यांचे हक्क हवे होते म्हणणाऱ्यांनी हा कागद एकदा वाचावाच.

१८५० च्या फरारी गुलाम कायद्याची कलमं बघितली तर हे अजून स्पष्ट होतं. कायदा केंद्राचा. पकडलेल्या माणसाला ज्यूरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नाही. निकाल देणाऱ्या आयुक्ताला, माणूस मालकाकडे पाठवला तर १० डॉलर आणि सोडला तर ५ डॉलर. मदत करणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि ६ महिन्यांपर्यंत कैद. आणि मार्शलने हुकूम केला की उत्तरेतल्या साध्या नागरिकालाही धरपकडीत हात लावणं भाग. केंद्राच्या सत्तेचा त्या काळातला एवढा उघड वापर दुसरा शोधून सापडणं कठीण, आणि तो दक्षिणेच्या मागणीवरून झाला होता.

मिसिसिपीचा जाहीरनामा तर दुसऱ्याच वाक्यात सांगतो की आमची बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. जॉर्जिया आणि टेक्सास यांचेही असेच आहेत. २१ मार्च १८६१ ला सव्हाना इथे फुटलेल्या राज्यांच्या सरकारचा, म्हणजे कॉन्फेडरसीचा, उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स म्हणाला की, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हीच आमच्या नव्या राज्याची कोनशिला.

आता पलीकडे चला. याच स्टीफन्सने १८६८ पासून दोन जाडजूड खंड काढले; त्यांत युद्ध म्हणजे संघराज्य की केंद्रीकरण या तत्त्वांची टक्कर. कॉन्फेडरसीचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याने १८८१ मध्ये आपला ग्रंथ काढला. त्यात गुलामगिरी हे कारण नव्हे, आनुषंगिक बाब. माणसं तीच. मधल्या काळात ३९ लाख ५० हजारांवर माणसं गुलामीतून मोकळी झाली होती, आणि हरलेल्या बाजूला आता या कारणाची जाहीर मिरवणूक काढणं परवडणारं नव्हतं.

चर्चा होऊ दे. मात्र विधानासोबत साल लिहा.

चौकस — जकातीचं काय?

दफ्तरदार, कागद मान्य. पण पुढाऱ्यांची भाषणं आणि जाहीरनामे हा प्रचार असतो. प्रचारात लोकांना भडकवणारा मुद्दा पुढे करतात, खिशाचा मुद्दा मागे ठेवतात. दक्षिण कापूस निर्यात करायची, पक्का माल आयात करायची. उत्तरेला आपल्या कारखान्यांसाठी चढी जकात हवी होती. १८३२ मध्ये साउथ कॅरोलायना जकातीवरूनच फुटायला निघालं होतं.

दुसरं, लिंकनने २२ ऑगस्ट १८६२ च्या पत्रात स्वच्छ लिहिलंय की एकही गुलाम मुक्त न करता संघ वाचत असेल तर मी तसं करीन. मग युद्ध गुलामगिरीसाठी कसं?

दफ्तरदार — उत्तर: जकातीचं काय?

जकातीचं आधी. १८३२ चा प्रसंग खरा, पण त्यानंतर दर एकूणात उतरत गेले आणि १८५७ च्या कायद्याने ते आणखी खाली आणले. चढ्या दराचा मॉरिल कायदा २ मार्च १८६१ ला झाला. तोवर सात राज्यं फुटून बाहेर पडली होती. त्यांचे सिनेटर उठून गेले म्हणूनच तो सिनेटमध्ये पार पडला. परिणाम कारणाच्या आधी कसा येईल?

"जकातीचा तीन-चतुर्थांश बोजा दक्षिण भरत होती" हा आकडाही आंतरजालावर फिरतो. जकात आयातीवर, बंदरात वसूल होते. एकट्या न्यूयॉर्क बंदरात देशाच्या जकातीचा दोन-तृतीयांशाच्या आसपास भाग जमा व्हायचा. तिथून माल दक्षिणेतही जायचा, हे धरलं तरी गुलाम धरून देशाची जेमतेम तिसरा हिस्सा लोकसंख्या दक्षिणेत. त्यातल्या गुलामांची खरेदी मालक देईल त्या जाड्याभरड्या कापडापुरती. तीन-चतुर्थांश जकात भरण्याइतका आयात माल ती खपवणार कशी?

खिशाचा मुद्दा म्हणाल तर तो आहेच, पण तो जकातीत नाही. १८६० मध्ये गुलामांची बाजारकिंमत अंदाजे ३ अब्ज डॉलर धरली जाते. ही रक्कम त्या वेळच्या देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांच्या भांडवलापेक्षा मोठी. सावकार कर्ज द्यायचा तो गुलाम तारण ठेवून. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरली नाही तर या "मालमत्तेचा" भाव पडणार, ही भीती होती. म्हणून १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा, १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल (काँग्रेसला नव्या प्रदेशांत गुलामगिरी रोखता येणार नाही असा), कॅन्ससमधल्या कत्तली: सगळं भांडण नव्या प्रदेशांवरून.

प्रचाराबद्दल: समजा प्रचारच होता. प्रचार ज्याला पटवायचा त्याच्या मनातलं ओळखून केला जातो. साउथ कॅरोलायना, मिसिसिपी, अलाबामा यांनी इतर गुलामधारी राज्यांकडे आपले आयुक्त पाठवले, "तुम्हीही फुटा" म्हणून. त्यांची भाषणं आणि पत्रं उपलब्ध आहेत. जकात त्यांत शोधावी लागते. गुलामांचं बंड, काळ्या-गोऱ्यांची बरोबरी, मिश्र विवाह यांची भीती पानोपानी आहे.

शार्लटकर — एक प्रश्न नाही, तीन प्रश्न

इथे तीन प्रश्नांची खिचडी होते आहे. राज्यं का फुटली? फुटल्यावर युद्ध का झालं? आणि सैनिक का लढले? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

राज्यं का फुटली याचं उत्तर वर आलं. लिंकन ६ नोव्हेंबर १८६० ला जेमतेम ४० टक्के मतांवर निवडून आला, दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत त्याच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती. गुलामगिरीचा पुढचा विस्तार थांबवू एवढंच त्याच्या पक्षाचं म्हणणं. तेवढ्यावर खोल दक्षिणेतली सात राज्यं १ फेब्रुवारी १८६१ पर्यंत बाहेर.

पण व्हर्जिनियाच्या अधिवेशनाने ४ एप्रिलला फुटण्याचा प्रस्ताव ९० विरुद्ध ४५ ने फेटाळला होता! १२ एप्रिलला दक्षिणेने संघाच्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या, १५ ला लिंकनने ७५,००० स्वयंसेवक मागवले आणि १७ ला त्याच अधिवेशनात ८८ विरुद्ध ५५ ने ठराव पास झाला. आर्कान्सा, नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसी यांचीही गत तीच. या चार राज्यांपुरतं "केंद्र आमच्या शेजाऱ्यांवर फौज चालवायला आमचेच लोक मागतं" हे कारण खोटं नाही. फक्त शेजारी कशासाठी फुटले होते तो प्रश्न परत पहिल्या खान्यात जातो. आणि गुलामांचं प्रमाण जिथे कमी तिथे फुटण्याला विरोध जास्त, हे नकाशावर ढळढळीत दिसतं. व्हर्जिनियाचा डोंगराळ पश्चिम भाग तर राज्यातूनच फुटला, २० जून १८६३ ला वेस्ट व्हर्जिनिया झाला. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी, मिझुरी ही गुलामधारी असूनही संघातच राहिली.

चौकस यांचा लिंकनच्या पत्राचा मुद्दा दुसऱ्या प्रश्नात मोडतो. १८६१ मध्ये उत्तर संघ टिकवायला लढत होती, गुलाम सोडवायला नाही. काँग्रेसने जुलै १८६१ मध्ये तसा ठरावच केला. ते पत्र लिहिलं तेव्हा मात्र मुक्तीच्या घोषणेचा मसुदा लिंकनच्या टेबलात तयार होता. जुलैमध्ये मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता आणि एखादा विजय मिळेपर्यंत थांबायचं ठरलं होतं. अँटिएटमच्या लढाईनंतर, २२ सप्टेंबरला प्राथमिक घोषणा, १ जानेवारी १८६३ पासून अंमल. पत्रातलं तेवढंच एक वाक्य काढून दाखवणारे ही तारीख गाळतात.

आणि हेतू बदलायला लावला कुणी? मे १८६१ मध्ये तीन गुलाम व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रोला, संघाच्या ताब्यातल्या किल्ल्यात, पळून आले. मालकाचा माणूस मागायला आला तेव्हा तिथल्या जनरल बटलरने सांगितलं की शत्रू त्यांना तटबंदीच्या कामाला लावतो आहे, म्हणून ही युद्धातली जप्त मालमत्ता. मग शेकड्यांनी लोक आले. त्यांना ठेवायचं कसं, खायला काय, कामाला कुठे लावायचं, या अडचणीतून १८६१ आणि १८६२ चे जप्तीचे कायदे निघाले. १८६३ नंतर अंदाजे १ लाख ७९ हजार काळे सैनिक संघाच्या सैन्यात भरती झाले.

रिकामा_मंगळवार

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं की. दक्षिणेतल्या बहुसंख्य गोऱ्यांकडे गुलामच नव्हते म्हणतात. मग ते मेले कशासाठी?

शार्लटकर — उत्तर: (शीर्षक नाही)

"गुलामधारी फक्त ५ टक्के" हा आकडा फसवा आहे. जनगणनेत मालक म्हणून कुटुंबप्रमुखाचं नाव. बायको-मुलं मोजत नाहीत. कुटुंबांच्या हिशेबाने फुटलेल्या अकरा राज्यांत ३० टक्क्यांच्या आसपास, मिसिसिपी आणि साउथ कॅरोलायनात जवळजवळ निम्मी. शिवाय गुलाम भाड्याने मिळायचे, आणि गुलामधारी व्हायची आकांक्षा होती ती वेगळीच.

तरीही सैनिक घर-गावासाठी, सोबत्यांच्या लाजेखातर, पगारासाठी लढतात हे खरंच. आणि सक्तीनेही. दक्षिणेने एप्रिल १८६२ मध्ये १८ ते ३५ वयाच्या गोऱ्या पुरुषांची सक्तीची भरती आणली, अमेरिकेतली पहिली. एका वर्षासाठी आलेल्यांची मुदत परस्पर तीन वर्षं केली. ऑक्टोबरमध्ये २० गुलामांमागे एका गोऱ्याला भरतीतून सूट. त्यावर गरिबांत जो संताप उसळला, त्यात पळालेले सैनिक डोंगरात टोळ्या करून राहिले. उत्तरेतही ३०० डॉलर भरून भरती टाळता यायची. जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दंगल उसळली आणि राग निघाला तो काळ्या रहिवाशांवर. राज्यांच्या हक्कांचा जप करणाऱ्या सरकारने राज्यांच्या डोक्यावरून सक्तीची भरती केली, धान्याची दहा टक्के वसुली केली, हे जॉर्जियाच्या गव्हर्नर ब्राऊनला इतकं झोंबलं की तो युद्धभर डेव्हिसशी भांडत राहिला.

पऱ्हाटी — थोडं कापसाचं

कापसाचं निघालंच हाय तं वऱ्हाडची बाजूबी मांडतो. (पुढे प्रमाण मराठीत, नाहीतर मुंबईकर तक्रार करतात.)

दक्षिणेचा सगळा डाव असा होता: ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा चार-पंचमांशाच्या आसपास कापूस आमचा, तो रोखला की लँकेशायर उपाशी, मग ब्रिटन आमच्या बाजूने उतरेल. म्हणून १८६१ मध्ये त्यांनी स्वतःहूनच निर्यात रोखली. डाव फसला, कारण १८५९ आणि ६० ची पिकं भरघोस आली होती आणि लिव्हरपूलची गोदामं भरलेली होती. साठा संपेपर्यंत संघाच्या नौदलाची नाकेबंदी आवळली गेली. ज्या वर्षी कापूस विकून बंदुका घेता आल्या असत्या, ते वर्ष हातचं घालवलं.

टंचाई खरी पडली १८६२ पासून, आणि भाव मुंबईत चढले. आपला कापूस आखूड धाग्याचा; लँकेशायरच्या यंत्रांवर सारखा तुटायचा, गिरणी कामगार त्याला शिव्या घालत. त्यात भाव चढल्यावर गाठीत सरकी, माती, दगड, पाणी. म्हणून मुंबई सरकारला १८६३ चा ९ वा कायदा करावा लागला, कापसातल्या भेसळीविरुद्ध. युद्धाच्या वर्षांत मुंबईत ७ ते ८ कोटी पौंड जादा आले असं धरतात. तो पैसा बँका, वित्त कंपन्या आणि बॅकबेच्या समुद्रातल्या भरावात घुसला. बॅकबे कंपनीचा ५,००० रुपये भरणा झालेला शेअर ५० हजारांपर्यंत गेला होता. लीच्या शरणागतीची बातमी आली, लिव्हरपूलचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ च्या सौदापूर्तीच्या दिवशी शेअर बाजार आडवा झाला. बँक ऑफ बॉम्बे गेली, शेअर बाजारातले बडे दलाल प्रेमचंद रायचंदही बुडाले.

खामगावला रेल्वेचा फाटा आणि कापूस बाजार १८७० मध्ये आले, म्हणजे तेजी उतरल्यावर. शेतकऱ्याने ज्वारी मोडून पऱ्हाटी लावली होती. दक्षिणेच्या हरण्याचा हिशेब वऱ्हाडातल्या सावकाराच्या वहीतही आहे तो असा.

मुळा_काठ

+१. आणखी एक दुवा, तोही पुण्याचा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, काळ्यांची दास्यातून सुटका करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ बुद्धीबद्दल. म्हणजे युद्ध संपून आठ वर्षांनी, पुण्यात बसलेल्या माणसाच्या लेखी ते कशासाठी झालं यात शंका नव्हती. डेव्हिसचा ग्रंथ यायला अजून आठ वर्षं होती. दफ्तरदारांच्या रेघेच्या पलीकडचा असूनही हा कागद अलीकडच्यांशी जुळतो, कारण लिहिणाऱ्याला झाकायचं काही नव्हतं.

अर्थात फुल्यांचं चित्र उत्तरेला जरा जास्तच उजळ करतं. "निःस्वार्थ" हा शब्द न्यूयॉर्कच्या कापूस दलालांना लागू पडत नाही.

शिळाप्रेस — स्मारक कसं वाचावं

आठवणीचा भाग अजून कुणी घेतला नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांच्या वाटेत ही स्मारकं येतातच, म्हणून वाचायची रीत सांगतो. चार गोष्टी बघा: कुठे उभं आहे, अनावरण कोणत्या साली, पैसे कुणी दिले, आणि खाली काय कोरलंय.

युद्धानंतरच्या पहिल्या पंचवीस वर्षांतली दक्षिणेची स्मारकं बहुतेक दफनभूमीत. ओबेलिस्क (निमुळता दगडी स्तंभ) किंवा कलश, मजकूर शोकाचा, मेलेल्यांची नावं. १८९० च्या दशकापासून जागा बदलते: शिपायाचा पुतळा जिल्हा न्यायालयाच्या अंगणात येतो. १९०० ते १९२० या काळात सर्वांत जास्त उभे राहिले. याच सुमारास त्या राज्यांच्या नव्या घटना आल्या, मिसिसिपी १८९०, साउथ कॅरोलायना १८९५, लुइझियाना १८९८, अलाबामा १९०१, व्हर्जिनिया १९०२. मतासाठी कर आणि साक्षरतेची परीक्षा लावून काळ्यांचं मत काढून घेतलं. लुइझियानात १८९६ मध्ये १ लाख ३० हजार काळे मतदार होते, १९०४ मध्ये १,३४२ उरले. त्या मतदाराला नोंदणीसाठी, खटल्यासाठी ज्या इमारतीत जायचं तिच्या दारात हा शिपाई.

पैसे बहुधा 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी'चे. १८९४ मध्ये नॅशव्हिलला स्थापन झालेली बायकांची संघटना. जेवणावळी, विक्रीमेळे, शाळेतल्या मुलांची नाणी, आणि उरलेलं जिल्हा निधीतून. पुतळे पुष्कळदा तयार मालाच्या यादीतून मागवलेले. कनेक्टिकटातल्या ब्रिजपोर्टची मॉन्युमेंटल ब्रॉन्झ कंपनी जस्ताचे शिपाई ओतायची, त्याला "पांढरं ब्राँझ" म्हणत आणि दोन्ही बाजूंना विकत. साचा जवळपास तोच. जस्त स्वस्त पण आपल्याच वजनाने हळूहळू बसत जातं, सांधे उकलतात. काही पुतळे म्हणूनच वाकलेले दिसतात.

दफनभूमीत असाल तर शिळेचा माथा बघा. सरकारी शिळांत संघाच्या सैनिकाची गोल माथ्याची, ढालीच्या खोबणीत नाव. दक्षिणेच्या सैनिकाची टोकदार.

मुळा_काठ — पाठ्यपुस्तकं विसरू नका

पुतळ्यांपेक्षा पुस्तकांनी जास्त काम केलं असं मला वाटतं. डॉटर्सच्या मिल्ड्रेड रदरफर्ड यांनी १९२० च्या आसपास शाळा आणि ग्रंथालयांसाठी एक मोजपट्टीच काढली. जे पुस्तक दक्षिण गुलामांसाठी लढली म्हणेल किंवा मालकाला क्रूर म्हणेल ते नाकारा, आणि ग्रंथालयात आधीच असेल तर आतल्या पानावर "दक्षिणेवर अन्याय करणारं" असं लिहा. प्रकाशक धंदेवाईक, दक्षिणेतली राज्यं राज्यभरासाठी एकच पुस्तक लावायची, म्हणजे एक राज्य गेलं की हजारो प्रती गेल्या. त्यांनी मजकूर मवाळ केला, नाहीतर उत्तर-दक्षिण वेगळ्या आवृत्त्या काढल्या.

उत्तरेची माजी सैनिकांची संघटनाही पुस्तकांवर पहारा ठेवून होती, पण ते म्हातारे होऊन मरत गेले. डॉटर्स या मुली होत्या, त्या टिकल्या. यापलीकडे काही गूढ नाही त्यात.

टेक्सासच्या शालेय अभ्यासक्रमात कारणांचा क्रम "प्रादेशिकता, राज्यांचे हक्क आणि गुलामगिरी" असा होता. २०१८ मध्ये राज्य शिक्षण मंडळाने तो बदलला आणि गुलामगिरीच्या विस्ताराला मध्यवर्ती कारण म्हटलं.

चौकस — काळे कॉन्फेडरेट आणि मृतांचा आकडा

जकातीचा मुद्दा मी तात्पुरता बाजूला ठेवतो, सोडत नाही. मॉरिल विधेयक प्रतिनिधिगृहात मे १८६० मध्येच पास झालं होतं, म्हणजे धास्ती होतीच. तुमची तारखांची कसोटी तुम्हालाही लागू.

दोन प्रश्न. हजारो काळे दक्षिणेच्या बाजूने लढले आणि त्यांना निवृत्तिवेतनही मिळालं, त्याचे कागद आहेत म्हणतात. दुसरं, मृतांचा आकडा कुठे ६ लाख २० हजार, कुठे साडेसात लाख. खरा कोणता?

दफ्तरदार — उत्तर: काळे कॉन्फेडरेट

मे १८६० ची आठवण रास्त आहे. पण विधेयक सिनेटमध्ये अडलेलं होतं, आणि दक्षिणेचे सिनेटर जागेवर राहिले असते तर अडलेलंच राहिलं असतं. धास्तीवरचा इलाज मतदानाचा होता.

निवृत्तिवेतनाचे कागद खरेच आहेत, मात्र त्यांवरचं पद वाचा. मिसिसिपीने १८८८ पासून, टेनेसीसारख्या राज्यांनी १९२० च्या दशकात "नोकर" म्हणून वेगळ्या अर्जावर हे वेतन दिलं. अर्जात मालकाचं नाव विचारलेलं असायचं. ही माणसं मालकाबरोबर छावणीत नेलेली: स्वयंपाकी, घोडेवाले, खंदक खणणारे. त्यांची मेहनत खरी होती, पण ते सैनिक नव्हते.

गुलामांना सैनिक म्हणून घ्यायचा प्रस्ताव दक्षिणेच्याच जनरल क्लेबर्नने जानेवारी १८६४ मध्ये मांडला तेव्हा डेव्हिसने तो दाबून टाकायला लावला. कायदा झाला १३ मार्च १८६५ ला, शरणागतीच्या चार आठवडे आधी. जॉर्जियाच्या जनरल हॉवेल कॉबने त्याआधी जानेवारीत लिहिलं होतं की गुलाम जर चांगले सैनिक निघाले तर आपला गुलामगिरीचा सगळा सिद्धांतच चुकीचा. हजारो काळे सैनिक आधीपासून लढत होते, तर हे पत्र लिहायची गरजच काय होती?

शार्लटकर — उत्तर: मृतांचा आकडा

दोन्ही अंदाज आहेत, पद्धत वेगळी. ६,२०,००० हा एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींवरून, साधारण ३ लाख ६० हजार उत्तरेचे आणि २ लाख ५८ हजार दक्षिणेचे. दक्षिणेची बाजू कच्ची, कारण एप्रिल १८६५ मध्ये राजधानी रिचमंड सोडताना पुष्कळ दप्तर जळालं. शिवाय जुलाब, विषमज्वर किंवा हिवताप घेऊन घरी गेलेला आणि दोन महिन्यांनी मेलेला सैनिक यात येत नाही. आणि दोन-तृतीयांश मृत्यू रोगानेच झालेले.

२०११ मध्ये इतिहासकार जे. डेव्हिड हॅकर यांनी नोंदी बाजूला ठेवून जनगणना घेतल्या. १८६० मध्ये २० ते २४ वयाचे जितके पुरुष, त्यांतले १८७० मध्ये ३० ते ३४ वयाचे किती उरले? तोच हिशेब स्त्रियांसाठी. युद्ध नसलेल्या दशकांत स्त्री-पुरुषांच्या टिकण्यातला फरक किती, तो वजा केला की उरते ती पुरुषांची जादा घट. उत्तर साडेसहा ते साडेआठ लाख, मध्य साडेसात. अडचण दोन ठिकाणी: १८७० ची जनगणना दक्षिणेत ढिली झाली, आणि काळ्या सैनिकांचा हिशेब या रीतीने नीट लागत नाही, कारण १८६० मध्ये गुलामांची नावंच नोंदलेली नव्हती, फक्त वय, लिंग आणि वर्ण. २०२४ मध्ये नमुन्याऐवजी जनगणनेच्या पूर्ण नोंदी वापरून केलेला अंदाज ६ लाख ९८ हजारांवर आला. लिहिताना "सुमारे ७ लाख" म्हणा आणि पद्धत सांगा.

रिकामा_मंगळवार

पुतळे काढतात ते कसे? नगरपालिकेने ठराव केला की क्रेन बोलवायची, एवढं सोपं असतं का?

शिळाप्रेस — उत्तर: (शीर्षक नाही)

नसतं. दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत स्मारक-संरक्षण कायदे आहेत, ते शहराच्या डोक्यावर बसतात. आधी बघायचं की जमीन कुणाची: शहराची, जिल्ह्याची, राज्याची की खासगी. मग कायदा कुणाला बांधतो.

मेम्फिसने यातून काढलेली वाट बघण्यासारखी. टेनेसीचा कायदा सार्वजनिक जमिनीवरच्या स्मारकांना लागू. २० डिसेंबर २०१७ ला नगर परिषदेने दोन उद्यानं एका नव्या ना-नफा संस्थेला प्रत्येकी १,००० डॉलरला विकली. जमीन खासगी झाली आणि त्याच रात्री दक्षिणेचा जनरल फॉरेस्ट आणि डेव्हिस दोघांचे पुतळे उतरले. अलाबामाचा २०१७ चा कायदा ४० वर्षं जुनी स्मारकं हलवू देत नाही, दंड २५,००० डॉलर. बर्मिंगहॅमने आधी स्मारकाभोवती फळ्या ठोकल्या, कोर्टात हरले, मग २०२० मध्ये स्मारकच काढलं आणि दंड सोसला. व्हर्जिनियाने २०२० मध्ये कायदा बदलून निर्णय स्थानिक संस्थांना दिला. रिचमंडचा लीचा पुतळा मात्र राज्याच्या जमिनीवर होता आणि १८९० च्या दानपत्रातल्या "जपून ठेवू" या अटीवरून खटला चालला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अट बंधनकारक नाही म्हटल्यावर ८ सप्टेंबर २०२१ ला तो उतरला. पुतळ्याचा माथा चौथऱ्यासकट साठ फुटांच्या आसपास. वाहतुकीसाठी त्याचे दोन तुकडे करावे लागले.

सैन्यतळांचं वेगळं. दक्षिणेच्या जनरल ब्रॅगच्या नावाचा तळ फोर्ट ब्रॅग, त्याचं नाव २०२३ मध्ये लिबर्टी झालं आणि २०२५ मध्ये परत ब्रॅग, फक्त आता कागदोपत्री ते दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रॅग आडनावाच्या एका शिपायाचं. कायदा कॉन्फेडरेट माणसाचं नाव देऊ देत नाही, आडनाव देऊ देतो. याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मला तरी हसू आलं.

मुळा_काठ

आणि जॉर्जियातलं स्टोन माउंटन? ते तर उतरवताही येणार नाही.

शिळाप्रेस — उत्तर: (शीर्षक नाही)

नाहीच. डेव्हिस, ली आणि दक्षिणेचा जनरल जॅक्सन तिघे घोड्यावर, अखंड ग्रॅनाइटच्या कड्यात साधारण ९० फूट उंच आणि १९० फूट रुंद कोरलेले. डॉटर्सच्या पुढाकाराने काम सुरू झालं, पैशांवरून १९२८ च्या सुमारास बंद पडलं. १९५८ मध्ये राज्याने डोंगर विकत घेतला, शाळांतल्या वंशभेदाविरुद्धचा निकाल येऊन चार वर्षं झाली होती तेव्हा. खोदकाम पुरं झालं १९७२ मध्ये. खोडायचं तर सुरुंग लावावे लागतील आणि राज्याचा कायदा ते शिल्प हात न लावता राखायला सांगतो. २०२१ मध्ये तिथल्या मंडळाने पायवाटेवरचे कॉन्फेडरेट झेंडे हलवायचं, बोधचिन्हातून शिल्प काढायचं आणि डोंगराचा इतिहास सांगणारं दालन करायचं ठरवलं.

दफ्तरदार

पुनर्बांधणीचा काळ, १८६५ ते ७७, इथे घेतला नाही. त्यासाठी नवा धागा काढतो, कारण १८६५ च्या शेवटी मिसिसिपीने केलेले "काळ्यांसाठीचे कायदे" कलमवार लावायचे आहेत. चौकस, तुमच्या जकातीसाठी तिथेही जागा ठेवतो.